रात्री साडेनऊचा कॉल आणि आम्ही अकरा जण

खापरी_उतरणारी
नमस्कार मंडळी. तीन-चार वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी नागपुरातच एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. नाव विचारू नका. आमची अकरा जणांची टीम, क्लायंट डॅलसचा. सकाळी दहाला ऑफिस आणि रात्री साडेनऊला क्लायंटबरोबर 'पंधरा मिनिटांचा' कॉल. ती पंधरा मिनिटं अकरापर्यंत चालतात. मग "तेवढं एक बघून टाका, त्यांच्या दिवसात झालेलं बरं" सुरू होतं. टाइमशीटमध्ये दिवसाला आठच्या वर आकडा टाकला की लाल पट्टी दिसते आणि शीट परत येते. शेरा ठरलेला, 'कृपया दुरुस्त करा'. म्हणजे बारा तास केलेलं काम दर शुक्रवारी आम्हीच स्वतःच्या हाताने आठ करतो.

जूनमध्ये टीममधला एक पोरगा पहाटे दोनला रिलीज आटोपून वर्धा रोडने घरी निघाला. डोळा लागला, गाडी दुभाजकाला घासली. हाताचं हाड मोडलं, बाकी थोडक्यात निभावलं. दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला तो कॉलवर हजर. उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने माऊस. त्याला कोणीही बोलावलं नव्हतं. मला जास्त भीती त्याचीच वाटली.

त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर ठरलं: रात्री आठनंतर कोणी लॅपटॉप उघडणार नाही. प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम, बंद पडलं तर ज्याची पाळी असेल तो एकटा बघेल. ग्रुपवर अकरा जणांनी 'हो' लिहिलं. चार आठवडे झाले, टिकून आहे. आता मॅनेजर एकेकाला केबिनमध्ये बोलावतोय. मला म्हणाला, "युनियनबाजी करताय का? तुम्ही प्रोफेशनल आहात, कामगार नाही."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. मग आम्ही आहोत कोण? आणि हे सगळं लेखी द्यावं की असंच तोंडी चालू द्यावं? कोणी असं काही केलंय का?

बर्डीवाला
पहिला मी! नाव नका सांगू, पण कॅन्टीनमध्ये बुधवारी पनीरची भाजी गोड असते का तेवढं सांगा. ओळखतो मी.

खापरी_उतरणारी
@बर्डीवाला, गुरुवारी. म्हणजे तुमची कंपनी वेगळी, आचारी एकच.

संत्रासाल
माझा मावसभाऊ बुटीबोरी एमआयडीसीत फिटर आहे, आयटीआय केलेला. पाळी संपली की हात धुऊन बाहेर. थांबवून घेतलं तर दुप्पट दराने ओव्हरटाइम, पगाराच्या चिठ्ठीत त्याचा रकाना वेगळा. मी बीई कॉम्प्युटर. मागच्या दिवाळीआधी लागोपाठ तीन शनिवार-रविवार काम केलं, त्याचे पाचशे रुपयांचे पिझ्झा कूपन मिळाले. मुदत आठ दिवसांची, आणि त्या आठ दिवसांत पिझ्झा खायलाही वेळ नव्हता.

तरी लग्नाच्या बायोडाटात मी 'आयटी, नामांकित कंपनी' आणि तो 'खाजगी नोकरी'. परवा त्याने साधेपणाने विचारलं, "दादा, तुमच्यात भोंगा नाही होत का?" काय उत्तर देऊ?

जुना_सूत
भोंग्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. माझे वडील एम्प्रेस मिलमध्ये विणकाम खात्यात होते. तिथे आता मॉल आहे, नाव तेवढं उरलं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये मिल सुरू केली. कामगारांसाठी पेन्शन फंड १८८६ मध्ये आला, अपघाताची भरपाई १८९५ मध्ये, तेही कायद्याने भाग पाडलेलं नसताना. वडील हे अभिमानाने सांगायचे. पण लगेच पुढे म्हणायचे, मालक चांगला निघाला हे आपलं नशीब, आणि नशिबावर पोरांची शाळा होत नाही.

आमच्या चाळीत घड्याळ एकाच घरी होतं. बाकी सगळं भोंग्यावर. आईचा कुकर नव्हे, पातेलं भोंग्यावर चढायचं. भोंगा माणसाला बोलवायचा तसाच सोडायचाही, हे लोक विसरतात.

रविवारची सुट्टी तरी कुठून आली? नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची सभा घेतली. मागण्या पाहा: आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम. मालकांनी रविवार मान्य केला १० जून १८९० ला, सहा वर्षांनी. तुमचे तर चारच आठवडे झालेत ताई.

तर्री_मारके
"सूर्यास्तापर्यंतच काम" ही मागणी आज आमच्या टीममध्ये ठेवली तर विचारतील, कुठल्या टाइम झोनचा सूर्यास्त.

कायद्याचं_बोला
धागाकर्तीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. कामगार कोण हे मॅनेजर ठरवत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत 'तांत्रिक' काम करणारा माणूस सरळ आत होता, पगार कितीही असो. बाहेर होते ते मुख्यत्वे व्यवस्थापकीय-प्रशासकीय काम करणारे आणि ठराविक पगारावरचे सुपरवायझर. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तांत्रिक काम आत आहे. सुपरवायझरसाठी महिना पगाराची मर्यादा १८ हजार. व्हिजिटिंग कार्डावर 'लीड' छापलं म्हणून कोणी व्यवस्थापक होत नाही, प्रत्यक्ष काम काय हे कोर्ट बघतं.

तासांचं म्हणाल तर महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम, त्यात मुळात होतं: दिवसाला ९, आठवड्याला ४८, त्यावर दुप्पट दर, ओव्हरटाइम तिमाहीत १२५ तास. २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हे ९ चे १० आणि १२५ चे १४४ करायला मंजुरी दिली. म्हणजे वारं कुठल्या दिशेला आहे ते बघा.

पण तुमची खरी अडचण ती लाल पट्टी आहे. दुप्पट दर मागायचा तर जास्तीचे तास कुठे नोंदलेत? कंपनीच्या कागदावर तुम्ही सगळे रोज बरोबर आठ तास काम करता. आजपासून प्रत्येकाने स्वतःची वही ठेवा. तारीख, लॉगिन, लॉगआउट, कॉल किती वाजता संपला. क्लायंटचा डेटा किंवा कोडचे स्क्रीनशॉट मात्र घरी नेऊ नका, त्याच कारणाने काढतील.

बर्डीवाला
युनियनला सातच जण लागतात म्हणे. तुम्ही तर अकरा, चार राखीव!

कायद्याचं_बोला
@बर्डीवाला, अर्ज करायला सात. पण त्या आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, यातले जे कमी ते सदस्य लागतात. हजाराच्या ऑफिसात अकरा जणांत होत नाही. कर्नाटकात आयटीवाल्यांची युनियन २०१७ मध्ये नोंदली गेली. २०२४ मध्ये तिथे १४ तासांच्या दिवसाचा प्रस्ताव आला, तेव्हा रस्त्यावर उतरायला ती तयार होती. ऐनवेळी जमवाजमव करून हे होत नाही.

टेक्सासचा_धरमपेठी
इथे सगळे एकाच सुरात बोलताहेत म्हणून वाईटपणा घेतो. मिहानची, म्हणजे नागपूर विमानतळाजवळच्या त्या उद्योग प्रकल्पाची, वाट आपण किती वर्षं पाहिली ते आठवा. विमानं उतरणार, कंपन्या येणार, आणि आमच्या बॅचचे सगळे पुण्याच्या बसमध्ये बसून गेले. आता कुठे चार कंपन्या आल्यात, पोरं आईच्या हातचं खाऊन नोकरी करताहेत. तुम्ही आठ वाजता लॅपटॉप बंद करा, काम इंदूरला जाईल. किंवा कुठेच जाणार नाही, एआय करेल.

मी २००४ मध्ये चौदा-चौदा तास केलंय. कोणी बंदूक लावली नव्हती. शिकलो, म्हणून इथवर आलो. नारायण मूर्ती २०२३ मध्ये ७० तास म्हणाले तर केवढा गदारोळ. त्यांनी स्वतः केलंच ना तेवढं?

संत्रासाल
केलं. कंपनी त्यांची होती.

तर्री_मारके
एल अँड टी चे सुब्रह्मण्यन साहेब तर ९० तास म्हणाले, वर विचारलं की घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार. आमच्या मातोश्रींनी ती बातमी वाचून बाबांना विचारलं, "तुम्हाला किती तास चालतं?" बाबा पेपर घेऊन गच्चीवर गेले.

अंबाझरी
@टेक्सासचा_धरमपेठी, इंदूरची भीती खोटी नाही, मान्य. पण ही भीती इंदूरच्या पोरांना आपल्या नावाने घालतात, हेही मान्य करा. माझा भाऊ तिथेच आहे. त्यांचा मॅनेजर म्हणतो, नागपूरवाले स्वस्तात करायला तयार आहेत.

शेन्झेन_रिटर्न
दोन वर्षं चीनमध्ये होतो, तिथलं सांगतो. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस, याला ते '९९६' म्हणतात. मार्च २०१९ मध्ये कोणी एकाने गिटहबवर (प्रोग्रॅमर आपला कोड ठेवतात ती वेबसाइट) '९९६ डॉट आयसीयू' नावाचं पान काढलं. अर्थ असा की ९९६ करा आणि आयसीयूत जा. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. प्रोग्रॅमरांनी तिथे कंपन्यांची यादी केली, जोडीला पुरावे लावले, आणि पान गिटहबवरच्या सर्वांत जास्त तारे (म्हणजे पसंती) मिळालेल्या पानांत जाऊन बसलं. एक लायसन्सही लिहिलं: जी कंपनी कामगार कायदे पाळत नाही तिने हा कोड वापरायचा नाही. अलीबाबाचे जॅक मा म्हणाले, ९९६ मिळणं हे भाग्य आहे. चीनमधल्या काही ब्राउझरांनी ते पान उघडू देणं बंद केलं, तर मायक्रोसॉफ्ट-गिटहबच्या कर्मचाऱ्यांनी ते हटवू नका म्हणून पत्रक काढलं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदा असल्याचं जाहीर केलं.

लगेच सगळे सहाला घरी गेले का? नाही. माझ्या जुन्या टीममध्ये नऊला दिवे बंद व्हायला लागले आणि लोक घरून काम करायला लागले. पण एक बदल झाला. आधी जो थकायचा त्याला वाटायचं आपणच कमी पडतोय. ती यादी पाहिल्यावर कळलं की थकणारे लाखो आहेत.

आपल्याकडे काढा असं पान म्हटलं तर तारे देतील, पण खोट्या नावाच्या खात्यावरून.

रात्रीची_राणी
धागाकर्ती, तुमचा कॉल साडेनऊलाच आहे ना? कायद्याचं_बोला यांनी ज्या अधिनियमाचं नाव घेतलं, त्यात स्त्रियांसाठी रात्री साडेनऊ ते सकाळी सात ही वेळ वेगळी काढलीय. तेव्हा काम करायला लावायचं तर तिची संमती, संरक्षण आणि घरी सोडायची सोय हवी. ऑफिसमध्ये थांबवलं तर एचआर पळत येऊन फॉर्म भरून घेते. घरून लॉगिन केलं की कसली संमती आणि कसली गाडी! आम्ही स्वयंपाकाच्या ओट्यावर लॅपटॉप ठेवून कॉल घेतो, फोडणी टाकताना म्यूट. एकदा अनम्यूट राहिला आणि मोहरीचा आवाज अमेरिकेपर्यंत गेला. क्लायंटने विचारलं, पाऊस पडतोय का.

दुसरी_बाजू
मी मॅनेजर आहे. (दगड हळू मारा.) माझ्यावर काय येतं ते ऐका. सहा महिन्यांचं काम विक्रीवाले चार महिन्यांत विकून येतात. रक्कम ठरलेली. मी आठच्या वर तास दाखवले की प्रोजेक्टचा नफा खाली येतो आणि पहिला प्रश्न मला विचारतात. लाल पट्टी आहे ती त्यासाठी. मी रात्री जागतो तेव्हा मीही आठच लिहितो.

'कामगार नाही' असं म्हणणारा तुमचा मॅनेजर बहुतेक स्वतःलाच समजावतोय. त्यालाही एका मेलवर काढतील.

एकेकाला केबिनमध्ये बोलावलं तर वाद घालू नका. "टीमने मिळून ठरवलंय, टीमसमोर बोलू" एवढंच म्हणा. हे मी लिहिलं म्हणून कोणाला सांगू नका.

तर्री_मारके
ह्यांना तर्री-पोहे माझ्याकडून. रविवारी सकाळी, कस्तुरचंद पार्कजवळ.

अंबाझरी
यंदा बडग्या (मिरवणुकीतला पुतळा) करा साडेनऊच्या कॉलचा! कानाला हेडफोन, हातात लॅपटॉप, पोटावर लाल पट्टी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यामागे काढू. "ईडा पीडा, साडेनऊचा कॉल, घेऊन जा गे मारबत!"

बर्डीवाला
इतवारीतून मिरवणूक जाताना मॅनेजरचा फोन आला तर उचलायचा का?

उंटखान्याचा_पक्या
मी तुमच्यासारखा इंजिनेर नाही. कंपनीची कॅब चालवतो, रात्रीचे ड्रॉप. धागा पोरीने दाखवला. तुमचं खरं आहे सगळं, पण एक सांगतो, राग नका मानू. तुमचा कॉल लांबला का मी खाली गेटवर बसून रायतो. पंधरा मिनिट म्हणता म्हणता दोन घंटे. माझी दुसरी ट्रिप जाते, त्याचे पैसे कोणी देत नाही. त्या पोट्ट्याची गाडी ठोकली त्या रात्री मी तिथंच उभा होतो. त्याचं नाव माझ्या यादीत नव्हतं म्हणून नेलं नाही. आजही डोक्यात येते ते.

तुम्ही अकरा म्हणता. वरचा चहा आणणारा, झाडू मारणारी बाई, गेटवरचा गार्ड, मी. आम्ही मोजण्यात आहो का?

खापरी_उतरणारी
भाऊ, खरं सांगते, नव्हता. आम्ही अकरा मोजले तेव्हा कॅबचा विचारच आला नाही डोक्यात. उद्या ग्रुपवर टाकते.

जुना_सूत
पक्याभाऊंनी बरोबर जागी बोट ठेवलं. मिलमध्येही बाबू लोक स्वतःला कामगार म्हणवून घेत नसत. मिल बंद पडली तेव्हा मात्र दोघांची थकबाकी एकाच रांगेत उभी होती. एक आठवण करून देतो: १९४२ ते ४६ बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतला आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आला, तो त्या काळात. दीक्षाभूमीजवळून रोज ऑफिसला जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं?

संत्रासाल
कामानंतर फोन न उचलण्याचा कायदाच करावा असं कोणी का म्हणत नाही? फ्रान्समध्ये २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून.

कायद्याचं_बोला
म्हटलंय की. सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये खाजगी (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं) विधेयक मांडलं, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा. स्वातंत्र्यानंतर अशी खाजगी विधेयकं कायदा झाली ती फक्त १४, शेवटचं १९७० मध्ये. वही ठेवा म्हणालो ते त्यासाठीच.

टेक्सासचा_धरमपेठी
मी परत आलो, कारण झोप लागली नाही. मी इकडे क्लायंटच्याच बाजूला बसतो. तुमचे साडेनऊ म्हणजे सध्या आमचे सकाळचे अकरा. अकरा का, हे कोणी विचारलंय? आमच्याकडे तो कॉल अकराला आहे कारण पाच-सहा वर्षांपूर्वी एका माणसाला अकरा बरे वाटले. तो माणूस केव्हाच सोडून गेला. आम्ही आठ-साडेआठला टेबलावर असतो. तुमच्याकडे रात्र असते हे इथल्या निम्म्यांच्या गावीही नसतं, कारण तिकडून कधी कोणी 'नाही' म्हणतच नाही. एकदा विचारून तर बघा.

युनियनबद्दल माझं मत तेच आहे.

अंबाझरी
धरमपेठी साहेब, तुम्हालाही तर्री-पोहे. जास्त झणझणीत.

खापरी_उतरणारी
तीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना एकदम उत्तर देते.

अकराचे नऊ झालो. एकाचं घराचं कर्ज नुकतं सुरू झालंय, एकीची बायोप्सी झालीय आणि तिला विमा सोडवत नाही. दोघांनी आधी सांगून माघार घेतली. कोणी काही बोललं नाही. ती दोघं कॉलवर असतात आणि आमचा निरोप सांगतात.

दुसरी_बाजू म्हणाले तेच वाक्य मी केबिनमध्ये म्हटलं, "टीमसमोर बोलू". मॅनेजर बराच वेळ पेनाचं टोपण उघडझाक करत बसला. मग म्हणाला, लेखी द्या. दिलं. 'मागणी' शब्द टाळून 'प्रस्ताव' लिहिलं, थोडी लाज वाटली. त्यात कॉलची वेळ बदलण्याचं होतं, आणि ज्या रात्री काम दहाच्या पुढे जाईल त्या रात्री यादीत नाव असो-नसो, सगळ्यांना कॅब. पक्याभाऊ, थांबण्याचे पैसेही लिहिले होते. ते ओळीसकट खोडलं. आम्ही पुढच्या पत्रात परत लिहिणार आहोत.

वेळेचा प्रस्ताव डॅलसला गेला. तिथल्या बाईंचं उत्तर दोन ओळींचं होतं: आम्हाला सकाळी साडेआठ चालतं, तुम्हाला रात्रीचीच सवय आहे असं वाटलं होतं. सोमवारपासून कॉल संध्याकाळी सातला आहे. पहिल्या दिवशी कॉल साडेसातला संपला आणि आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, कोणी उठेना. शेवटी प्लॅस्टरवाला पोरगा म्हणाला, "चला ना बे, मेट्रो आहे अजून."

लाल पट्टी तशीच आहे. वही रोज भरतेय. माझं अप्रेझल मार्चमध्ये आहे, तेव्हा काय होईल ते होईल.

जुना_सूत
वाचून बरं वाटलं. वही सोडू नका.

टेक्सासचा_धरमपेठी
अभिनंदन. एक बारीकशी गोष्ट. इन्व्हाइट डॅलसच्या वेळेवर लावलंय की नागपूरच्या? कारण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमचं घड्याळ एक तास मागे जातं.

खापरी_उतरणारी
डॅलसच्या. आत्ता बघितलं. म्हणजे आमचे सातचे आठ होणार.

बर्डीवाला
तुमचं ठरलंय 'आठनंतर नाही'. मग आठ वाजता सुरू होणारा कॉल आठच्या आत की आठनंतर?

कायद्याचं_बोला
व्याख्या बघावी लागेल.

खापरी_उतरणारी
उद्या टपरीवर विषय घेते. पक्याभाऊ, तुम्हीही या, साडेपाचला.